नव्या वर्षाचा पळण्याचा संकल्प: थकबाकी न साचणारं ध्येय कसं ठरवायचं?

रानजाई | २९ डिसेंबर २०२४, रात्री ९:४०

आज वही उघडून वर्षाची बेरीज केली. २०२४ मध्ये १००० किलोमीटर पळायचं ठरवलं होतं. झाले ६१२.

महिन्यांचे आकडे इथे देते, कारण बेरजेपेक्षा मला त्यांतूनच जास्त कळलं. जानेवारी १३१, फेब्रुवारी ११८, मार्च ७४, एप्रिल ३१, मे ९, जून २२, जुलै ४०, ऑगस्ट ३८, सप्टेंबर १२, ऑक्टोबर १९, नोव्हेंबर ५६, डिसेंबर आजपर्यंत ६२.

हजारासाठी महिन्याला ८३-८४ पुरतात. मार्च संपताना २५० झाले असते तरी चाललं असतं, माझे ३२३ झाले होते. म्हणजे मी चांगली पुढे होते. एप्रिलमध्ये डाव्या पायाची नडगी धरली. मग मुलांची सुट्टी, गावाकडची लग्नं, ऊन. जूनपासून पुन्हा हळूहळू जमायला लागलं, पण तोवर मनात हिशेब सुरू झाला होता. सप्टेंबर संपला तेव्हा ५२५ किलोमीटर बाकी आणि दिवस ९२. आठवड्याला ४० किलोमीटर. मी तेव्हा आठवड्याला दहासुद्धा पळत नव्हते. तो आकडा वहीत लिहिला आणि त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे बूट घातलेच नाहीत.

पाय तेव्हा बरा होता. हवा चांगली होती. वेळही होता. मला थांबवलं ते त्या थकबाकीने. हप्ते थकले की माणूस बँकेसमोरून जायचं टाळतो, तशी मी विद्यापीठाच्या गेटवरून जायचं टाळत होते. नोव्हेंबरमध्ये हजाराचा नाद सोडला आणि लगेच ५६ झाले.

म्हणून २०२५ साठी किलोमीटर ठरवणार नाही. आठवड्यात तीन दिवस बाहेर पडायचं, निदान अर्धा तास. पळाले किती, वेग किती, ते त्या दिवशी जे होईल ते. वर्षाचे १५० दिवस. तुम्ही तुमची ध्येयं कशी ठरवता आणि ती मे-जूनपर्यंत कशी जिवंत ठेवता, हे मनापासून ऐकायचं आहे. मी ४१ वर्षांची, पुण्यात राहते, घरात दोन मुलं आणि सासूबाई. पळायची वेळ पहाटे साडेपाच ते साडेसहा, त्यानंतर डबे.

---

टेकडीवाला | २९ डिसेंबर २०२४, रात्री १०:१५

ताई, वही ठेवता हे वाचून फार बरं वाटलं. मी ६३ वर्षांचा आहे. पळायला लागलो ५२व्या वर्षी, वेताळ टेकडीवर, आधी नुसता चालायला जात होतो. माझ्याकडे अकरा वह्या आहेत.

माझ्या वहीत किलोमीटरचा रकाना नाही. तारीख, किती मिनिटं, आदल्या रात्री झोप किती आणि कुठे दुखलं, एवढंच. शेवटचा रकाना सर्वांत उपयोगी. तीन दिवस ओळीने 'उजवी टाच' असं लिहिलेलं दिसलं की मी चौथ्या दिवशी फक्त चालतो. गेल्या अकरा वर्षांत एकदाच सलग महिनाभर बसावं लागलं, तेही पायरीवरून घसरल्यामुळे. तुमच्या जानेवारी-फेब्रुवारीच्या वहीत असा रकाना असता तर नडगीने एप्रिलच्या आधीच सांगितलं असतं, असं मला वाटतं.

---

अस्थिका | २९ डिसेंबर २०२४, रात्री ११:०२

मी फिजिओथेरपिस्ट आहे. रानजाई, २०२३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये महिन्याला किती पळत होतीस?

---

रानजाई | २९ डिसेंबर २०२४, रात्री ११:१०

साधारण ४०.

---

अस्थिका | २९ डिसेंबर २०२४, रात्री ११:३८

मग उत्तर तिथेच आहे. चाळीसवरून एकदम १३१. पहिली गोष्ट समजून घे: श्वास आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, हाड आणि स्नायुबंध यांना महिने लागतात. त्यामुळे जानेवारीत तुला छान वाटत असतं, दम लागत नाही, म्हणून तू वाढवत जातेस. हाडाला तो भार झेपतोय की नाही हे उशिरा कळतं. माझ्याकडे नव्या वर्षाचे पेशंट १ जानेवारीला येत नाहीत. ते फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चमध्ये येतात.

नडगीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे अनेकांना होईल. नडगीच्या आतल्या कडेने वीतभर जागा दुखते, पळायला लागल्यावर थोडी सैल पडते आणि नंतर पुन्हा ठणकते, तो बहुतेक वेळा साधा ताण असतो. पळणं कमी केलं, पोटऱ्यांचे व्यायाम केले की बरा होतो. पण बोट ठेवून दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल, एका पायावर उडी मारली की कळ येत असेल, रात्री झोपेतही दुखत असेल, तर पळणं त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. हाडाला बारीक तडा असू शकतो. आणि सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये तो दिसला नाही म्हणजे नाहीच असं नसतं.

बायकांसाठी आणखी एक. दम लवकर लागतोय, वेग कारण नसताना घसरलाय, केस गळतायत, असं असेल तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (म्हणजे लोहाचा साठा) तपासा. हिमोग्लोबिन ठीक आणि लोहाचा साठा रिकामा, असं खूप दिसतं. आपण त्याला आळस म्हणतो आणि संकल्प मोडल्याचं दुःख करत बसतो.

---

विदर्भकर | ३० डिसेंबर २०२४, सकाळी ६:५०

ताई, तुमचे आकडे वाचले आणि मला माझंच २०१९ दिसलं. मी नागपूरचा. तुमच्या यादीत मला पायाच्या आधी ऊन दिसतं.

हे जे वर्षाचे कार्यक्रम मिळतात ना, जानेवारीत थोडं, मग दर महिन्याला वाढवत न्या, ते आपल्या हवेसाठी लिहिलेलेच नाहीत. त्यांच्या चढणीचा मधला भाग बरोबर एप्रिल-मेमध्ये येतो. आमच्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. पहाटे साडेचारला सेमिनरी हिल्सवर गेलं तरी रस्ता कोमट असतो. त्या हवेत जानेवारीचा वेग राखायचा प्रयत्न केला तर ठोके वाढतात, माणूस खचतो आणि त्याला वाटतं आपण संपलो. संपलेला नसतो, हवा बदललेली असते.

मी वर्ष असं पाडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे पिकाचे महिने, जे काय मोठं करायचं ते तेव्हा. मार्च ते जूनचा पहिला पंधरवडा फक्त टिकवायचं. आठवड्यात दोनदा पळालो तरी खूश, बाकी घरात बैठका, पोटऱ्यांचे व्यायाम, जिने. वेग बघायचाच नाही, घड्याळ झाकून ठेवतो. घरून निघताना लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, परत आल्यावर पुन्हा. पाऊस पडला की जुलैपासून हळूहळू बांधायला घ्यायचं. ऑक्टोबरच्या उकाड्यात पुन्हा थोडं सांभाळायचं. की आली दिवाळी.

आणि एक. तीन गुणिले बावन्न म्हणजे १५६. तुम्ही १५० ठरवलेत. म्हणजे वर्षभरात फक्त सहा दिवस चुकायची मुभा. हे हजार किलोमीटरच आहे, कपडे बदलून आलेलं. आजारपण, लग्न, गणपती, परीक्षा धरून आठ आठवडे आधीच काढून ठेवा. ४४ गुणिले तीन, १३२. म्हणा १३०.

---

रानजाई | ३० डिसेंबर २०२४, सकाळी ७:२५

दादा, 'कपडे बदलून आलेलं' हे वाचून थबकले. अगदी खरं आहे. १३० पक्कं. आणि आधी काढून ठेवलेले आठ आठवडे वहीच्या पहिल्या पानावर लिहिते, म्हणजे ते गेले की चुकल्यासारखं वाटणार नाही.

---

हिमकण | ३० डिसेंबर २०२४, सकाळी ८:४४

मिनिआपोलिसहून. विदर्भकरांचं कॅलेंडर वाचून हेवा वाटला, कारण माझं बरोबर उलटं आहे. इथे जानेवारीत उणे २० होतं, फुटपाथवर बर्फाचा काचेसारखा थर असतो. पहिल्या वर्षी मी १ जानेवारीला भारतातल्या मित्रांबरोबर संकल्प केला आणि दुसऱ्याच आठवड्यात घसरून मनगट मोडून घेतलं. आता डिसेंबर ते मार्च मी ट्रेडमिल आणि वजनं, एवढंच करते. माझं पळण्याचं वर्ष एप्रिलमध्ये तळी वितळली की सुरू होतं आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारच्या मॅरेथॉनला संपतं.

२०२३ मध्ये ती मॅरेथॉन उष्म्यामुळे त्याच पहाटे रद्द झाली. निर्णय योग्यच होता, त्या हवेत लोकांचं काही बरंवाईट झालं असतं. पण मी पाच महिने त्या एका सकाळसाठी पळले होते. घरी परत येऊन बसले तेव्हा मला कळेना, माझं ध्येय पुरं झालं की नाही. तेव्हापासून मी स्पर्धा ध्येय म्हणून धरत नाही. स्पर्धेआधीचे सोळा आठवडे धरते. ते माझे असतात.

---

सागरसेतू | ३० डिसेंबर २०२४, दुपारी १:२०

सगळ्यांचं मनापासून वाचलं, पण माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते मांडतो.

दिवस मोजून मला कधीच पुढे जाता आलं नाही. तीन वर्षं मी 'आठवड्यातून चारदा' केलं, शिवाजी पार्कला तेच फेरे, तोच वेग. तब्येत बरी राहिली, नाही म्हणत नाही. पण २०२२ मध्ये ठरवलं की हाफ मॅरेथॉन (२१ किलोमीटर) दोन तासांच्या आत, म्हणजे किलोमीटरला ५:४१. त्या एका आकड्याने सगळं बदललं. मंगळवारी वेगाचा सराव, रविवारी लांब पल्ला, मधले दिवस अगदी संथ. कशासाठी काय करतोय ते पहिल्यांदा समजलं. चौदा महिने लागले, १:५८ झाली.

आता १९ जानेवारीला मुंबईत पहिली पूर्ण मॅरेथॉन (४२ किलोमीटर). तीन ध्येयं आहेत. तंदुरुस्त अवस्थेत शेवटची रेघ ओलांडणं, हे पहिलं. परतीचा पेडर रोडचा चढ न चालता, हे दुसरं. आणि ४ तास ४५ मिनिटं, म्हणजे किलोमीटरला ६:४५. वेळेचं ध्येय नसतं तर मी डिसेंबरच्या थंडीत ३२ किलोमीटर पळायला पहाटे साडेतीनला उठलोच नसतो.

---

रानजाई | ३० डिसेंबर २०२४, रात्री ९:०५

सागरसेतू, तुमचं पटतं. वेळेचं ध्येय वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. फरक मला इतकाच दिसतो की तुमची १:५८ चौदा महिन्यांत झाली आणि ती सोळा महिन्यांत झाली असती तरी काही बिघडलं नसतं. ती साचत नव्हती. माझे १००० किलोमीटर ३१ डिसेंबरला बांधलेले होते. एक महिना गेला की तो पुढच्या महिन्याच्या डोक्यावर बसायचा.

---

चिमणी | ३१ डिसेंबर २०२४, सकाळी ११:३०

इथे सगळे मॅरेथॉनवाले दिसतायत, तरी धीर करून विचारते. वय ३४, डोंबिवली. एक मिनिटही सलग पळता येत नाही. काल इमारतीभोवती प्रयत्न केला, धाप लागून बसले. सकाळी लोकल ७:३८ ची, संध्याकाळी घरी यायला आठ. डिसेंबर २०२५ पर्यंत १० किलोमीटर पळता येईल का? शिवाय कुत्र्यांची भीती वाटते आणि लोक बघतात त्याचीही.

---

अस्थिका | ३१ डिसेंबर २०२४, दुपारी १२:१०

नक्की येईल, आणि डिसेंबरच्या बऱ्याच आधी. तू काल जे केलंस ते पळणं नव्हतं, ती दौड होती. एक मिनिट हळू पळ, दोन मिनिटं चाल. असं आठ वेळा. आठवड्यात तीनदा, एक दिवसाआड. दोन आठवड्यांनी पळायचं मिनिट दीड कर. घाई नको. अर्धा तास सलग पळायला कुणाला नऊ आठवडे लागतात, कुणाला वीस. दोन्ही चालतं.

---

टेकडीवाला | ३१ डिसेंबर २०२४, दुपारी १२:४५

वेगाची एक सोपी परीक्षा सांगतो, मी अजूनही वापरतो. पळताना सतराचा पाढा मोठ्याने म्हणायचा. शब्द तुटायला लागले तर वेग जास्त आहे. पाढा अडखळला पण श्वास नाही, तर वेग बरोबर.

---

रानजाई | ३१ डिसेंबर २०२४, दुपारी ३:०५

चिमणी, लोकांच्या नजरेचं मलाही पहिले तीन-चार महिने फार जड गेलं. मी साध्या पंजाबी ड्रेसवर बूट घालून सुरुवात केली, ओढणी घरी ठेवून. रोज तोच रस्ता, तीच वेळ ठेवली. दोन आठवड्यांत दूधवाला आणि पेपरवाला ओळखीचे झाले, मग रस्ता आपला वाटायला लागला. कुत्री अंगावर आली तर पळू नकोस, थांब, चालायला लाग, ती बहुतेक वेळा शांत होतात. अंधारात एकटी जाऊ नकोस. सोसायटीत कुणी एक बाई मिळाली तर तिला चालायला घे, ती चालेल, तू तिच्या पुढे-मागे पळ. लोकलच्या दिवसांत नाही जमलं तर शनिवार, रविवार आणि मधला एक दिवस, एवढं पुरे.

आणि हे मॅरेथॉनवाल्यांचं पान नाही. तू लिहीत राहा.

---

आष्टीकर | ३१ डिसेंबर २०२४, रात्री ८:१८

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुका. पोलीस भरतीची तयारी करतोय. तुम्ही सगळे आवडीनं पळता, आमचं तसं नाही. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत बसलं तर पूर्ण गुण. माझं ५:४८ वर अडकलंय. जाहिरात कधी निघंल, मैदान कधी लागंल, कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून रोज सकाळी रस्त्यावर १६०० फुल्ल ताकदीनं मारतो आणि घड्याळ बघतो. चार महिने झाले, आकडा हलंना.

आमच्या तालुक्यातल्याच मांडव्याचा अविनाश साबळे. एशियन गेम्सचं सोनं, ऑलिंपिकची फायनल. आमच्या अकॅडमीत भिंतीवर त्याचा फोटो हाय. त्याच्यासारखं काय व्हायचं नाही, पण नोकरी पाहिजे.

---

सातारी | ३१ डिसेंबर २०२४, रात्री ९:३०

आष्टीकर भावा, मी स्वतः भरती मारलेला माणूस आहे, आता साताऱ्यात पोरांना शिकवतो. रोज परीक्षा देतोयस, अभ्यास कधी करणार? ताकद रोज खर्च होतीय, साठत नाही.

५:१० म्हणजे ३१० सेकंद. चार फेऱ्या धरल्या तर ४०० मीटरला साडेसत्त्याहत्तर सेकंद. आधी त्या वेगाची पायाला ओळख करून दे. मंगळवारी ४०० मीटर सहा वेळा, प्रत्येक ७८ सेकंदांत, मधे दोन मिनिटं चालणं. सुरुवातीला चारच जमली तरी चालंल. शुक्रवारी २०० मीटर दहा वेळा किंवा चढावर आठ धावा. बाकी तीन दिवस पाच ते सात किलोमीटर एकदम निवांत, गप्पा मारत. रविवार सुट्टी. पूर्ण १६०० तीन आठवड्यांतून एकदाच मोजायचं. पहिली फेरी कधीच ७५ च्या खाली मारायची नाही, तिथंच पोरं मरतात, तिसऱ्या फेरीत पाय दगड होतो.

साबळेचं म्हणशील, तर तोही सैन्यात गेल्यावर मग ॲथलेटिक्सकडं वळला. आमच्या जिल्ह्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर, दुष्काळी मोहीची. लांब पल्ल्याचं करता करता स्टीपलचेसला, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीला आली आणि २०१६ ला रिओत फायनलला दहावी. भिंतीवरच्या फोटोत शेवटची शर्यतच दिसते. त्याच्या मागं कित्येक वर्षांचं निवांत पळणं असतंय, ते फोटोत येत नाही.

---

सागरसेतू | २० जानेवारी २०२५, दुपारी ४:००

काल धावलो. ५ तास ८ मिनिटं.

पहिले २० किलोमीटर ठरवल्यापेक्षा वेगात गेले. पहाटेची हवा, सी-लिंकवरचा वारा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ओरडणारी माणसं, वाटलं सहज जमतंय. किलोमीटरला ६:२० ने पळत होतो. ऊन चढलं, दमटपणा वाढला आणि २९ व्या किलोमीटरला पोटऱ्या आखडल्या. परतीच्या पेडर रोडवर चाललो. एका आजींनी हातावर मीठ लावलेली संत्र्याची फोड ठेवली, ती मी जन्मभर विसरणार नाही.

तीनपैकी एकच ध्येय साध्य झालं. पण धडधाकट घरी आलो आणि आज जिना उतरता येतोय. काल रात्री हा धागा पुन्हा वाचला. ४:४५ ला मी आता तारीख लावत नाहीये.

---

चिमणी | २ फेब्रुवारी २०२५, संध्याकाळी ६:१२

तीन मिनिटं सलग! शेजारच्या मावशी चालतात, मी पळते. सतराचा पाढा येत नव्हता, तो पाठ केला.

---

रानजाई | ३० मार्च २०२५, रात्री १०:००

गुढीपाडव्याच्या सर्वांना शुभेच्छा. धागा वर काढतेय.

तीन महिन्यांत ३२ दिवस. जानेवारी छान गेला, फेब्रुवारीत धाकट्याला कांजिण्या, दोन आठवडे घरातच. वहीच्या पहिल्या पानावरच्या आठ आठवड्यांपैकी दोन खोडले. खोडताना काहीच वाटलं नाही, आणि हेच माझ्यासाठी नवीन आहे. नडगी शांत आहे. 'कुठे दुखलं' रकान्यात मार्चमध्ये दोनदा 'डावी पोटरी' आलं, दोन्ही वेळा टेकडीवाला काकांचं ऐकून नुसती चालले.

उद्यापासून विदर्भकरांचे टिकवायचे महिने. घड्याळ कपाटात.

---

विदर्भकर | ३१ मार्च २०२५, सकाळी ५:५५

शाब्बास ताई. आज आमच्याकडे अंबाझरीला सहा वाजायच्या आतच घामाच्या धारा. किलोमीटरला जानेवारीपेक्षा जवळजवळ मिनिटभर जास्त लागतंय आणि मजेत आहे.

---

आष्टीकर | ११ मे २०२५, रात्री ९:४५

सातारी सर, ५:२६. रोज मारायचं बंद केल्यावर पहिला महिना जीव घाबरा व्हायचा, वाटायचं आपण आळशी झालो. आता चौथ्या फेरीत पोरांना गाठतो. जाहिरातीचा पत्ता नाही, पण आता त्याची वाट बघत पळत नाही, मंगळवारची वाट बघतो.

---

सातारी | ११ मे २०२५, रात्री १०:१०

लय भारी. आता ४०० ची विश्रांती दोनवरून दीड मिनिटावर आण. बाकी काय बदलू नको.

---

टेकडीवाला | ६ जुलै २०२५, संध्याकाळी ७:३०

आज आषाढी. या वर्षी माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड एक टप्पा चाललो. सगळ्यांत मोठा टप्पा, तीस किलोमीटरच्या वर, मधे दिवे घाट. माझ्या बाजूला परभणीकडच्या एक आजी होत्या, डोक्यावर तुळस, पायात रबरी चप्पल. घाटात मला धाप लागली, त्यांना नाही. मी विचारलं, रोज एवढं कसं जमतं. म्हणाल्या, "आजचा मुक्काम तेवढा बघायचा, बाबा. पंढरपूर त्याच्या जागेवर आहे."

वहीत लिहून ठेवलं. पाऊस यंदा मे महिन्यातच आल्यामुळे टेकडीच्या वाटा निसरड्या आहेत, जपून. ओल्या बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, सकाळपर्यंत बरेच कोरडे होतात. उन्हात किंवा हीटरपाशी ठेवू नका, तळ सुटतो.

---

चिमणी | १४ सप्टेंबर २०२५, दुपारी २:०५

आज ५ किलोमीटर सलग. ४३ मिनिटं. मावशी आता माझ्याबरोबर अर्ध्या रस्त्यापर्यंत पळतात, वय ५६. दहा किलोमीटर डिसेंबरपर्यंत होतील की नाही माहीत नाही, पण मला आता घाई नाही. बुटांचं विचारायचं होतं. जुने पुढून फाटलेत.

---

अस्थिका | १४ सप्टेंबर २०२५, दुपारी ३:२०

किती खूश झाले सांगू! बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पळताना जे मोजे घालतेस तेच घाल. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. दुकानात पाच मिनिटं चाल, दोन-चार उड्या मार. कुठे टोचत नसेल तर तो तुझा बूट, किंमत आणि नाव काहीही असो. ५०० ते ८०० किलोमीटर झाले की बदलायचे, म्हणजे तुझ्या पळण्याला हे आरामात वर्षभर जातील.

---

रानजाई | १६ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:२०

बऱ्याच दिवसांनी. ऑगस्टच्या शेवटी गणपती, पाठोपाठ सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग त्यांना जपायचं म्हणून सकाळच्या वेळा गेल्या. आठच्या आठ आठवडे खर्ची पडले, नववाही गेला. आजपर्यंत ११२ दिवस.

किलोमीटर मोजायचे नाहीत असं ठरवलं होतं, पण घड्याळाने मोजलेले आहेत, काल मुलीने बेरीज करून दाखवली. ६८४. गेल्या वर्षीच्या अख्ख्या बेरजेपेक्षा जास्त, आणि एकाही महिन्यात ९० च्या वर गेले नाही, एकाही महिन्यात २५ च्या खाली नाही. मे महिन्यातसुद्धा नाही. नडगीने पूर्ण वर्षात एकदाही त्रास दिला नाही.

१३० ला १८ दिवस उरलेत, आठवडे साडेसहा. आठवड्याला तीन धरले तर होतील, एखादा आजारी पडला तर होणार नाहीत. गेल्या ऑक्टोबरला असाच हिशेब केल्यावर काय झालं होतं ते आठवत होतं, म्हणून आज वहीत तो लिहिल्यावर मुद्दाम तपासलं, पोटात गोळा येतोय का. नाही आला. उद्या सोमवार, थंडी सुरू झालीय, विद्यापीठात साडेपाचला धुकं असतं. सासूबाई आता बऱ्या आहेत. म्हणाल्या, उद्या डब्याची कणीक मी मळून ठेवते, तू जा.

---

विदर्भकर | १६ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४१

पिकाचे महिने आलेत, ताई. उद्या पहाटे मीही सेमिनरी हिल्सवर. परत आल्यावर लिहा.